ट्युरिंगची अठरा समीकरणं

अ‍ॅलन ट्युरिंग म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर आधी बेनेडिक्ट कंबरबॅच येतो. ‘द इमिटेशन गेम’ बघितला नाही असा कॉम्प्युटर सायन्सचा विद्यार्थी शोधूनही सापडायचा नाही. एनिग्मा, दुसरं महायुद्ध, अर्धवट खाल्लेलं सफरचंद. बस्स, संपला ट्युरिंग. पण तुम्ही इंजिनिअरिंगला किंवा बीएस्सी मॅथ्सला असाल, तर हा माणूस तुम्हाला आणखी एका ठिकाणी भेटून गेलाय आणि तिथे त्याचं नावही कुणी घेतलेलं नसेल. न्यूमरिकल मेथड्समधलं ‘एलयू डीकम्पोझिशन’ आठवतंय? एक चौकोनी मॅट्रिक्स घ्यायची आणि ती दोन मॅट्रिक्सच्या गुणाकारात फोडायची. ‘एल’ म्हणजे लोअर, तिच्यात कर्णाच्या वर सगळी शून्यं. ‘यू’ म्हणजे अपर, तिच्यात कर्णाच्या खाली सगळी शून्यं. आपण स्टेप्स पाठ करतो, मार्क घेतो, विसरतो.

ही फोड ट्युरिंगने १९४८ मध्ये एका पेपरमध्ये मांडली, जवळपास आज आपण वहीत लिहितो त्याच रूपात. त्यामागे एक साधी पण घाम फोडणारी भीती होती. एवढा खर्च करून कॉम्प्युटर बांधायचा, आणि त्याने दिलेली उत्तरं भलतीच निघाली तर?

या भीतीपर्यंत पोहोचायला थोडं मागे जावं लागेल. आणि मागे गेलं की थेट भारतच लागतो.

ट्युरिंगचे वडील ज्युलियस हे इंडियन सिव्हिल सर्व्हिसमध्ये अधिकारी होते, मद्रास इलाख्यात. त्यांची नेमणूक होती छत्रपूरला, जे आज ओडिशात आहे. आई एथेल सारा या मद्रासच्या रेल्वेतल्या चीफ इंजिनिअरची मुलगी. बाळंतपणासाठी त्या इंग्लंडला गेल्या आणि २३ जून १९१२ रोजी लंडनमध्ये अ‍ॅलनचा जन्म झाला. पण मुलांना भारतात आणायचं नाही असं आईवडिलांनी ठरवलं. त्यामुळे जेमतेम वर्षा-सव्वा वर्षाचं पोर आणि त्याचा मोठा भाऊ यांना हेस्टिंग्जजवळ एका निवृत्त लष्करी जोडप्याच्या घरी ठेवून आईसुद्धा भारतात परतली. आईवडील म्हणजे अधूनमधून बोटीने येणारे पाहुणे, असं त्याचं लहानपण. साहेबांच्या राज्याचा हाही एक खर्चच, फक्त तो भरला त्यांच्याच मुलांनी.

तेराव्या वर्षी त्याला शेरबोर्न नावाच्या बोर्डिंग शाळेत घातलं. शाळा सुरू व्हायची नेमकी वेळ आणि १९२६ चा देशव्यापी संप एकत्र आले. रेल्वे बंद. साऊदॅम्प्टनच्या बंदरावर उतरलेल्या या मुलाने सायकल काढली आणि जवळपास १०० किलोमीटर अंतर कापलं. मध्ये एक रात्र खाणावळीत मुक्काम केला आणि दुसऱ्या दिवशी शाळेत हजर. ही गोष्ट त्याच्या प्रत्येक चरित्रात असते आणि असायलाच हवी, कारण पुढे आयुष्यभर तो असंच वागला. दुसऱ्यांनी बांधलेला रस्ता बंद असला की आपली सायकल काढायची.

शाळेत त्याला क्रिस्टोफर मॉरकॉम नावाचा एक मित्र भेटला. विज्ञानाचं वेड दोघांनाही. फेब्रुवारी १९३० मध्ये क्रिस्टोफर क्षयाने गेला. ट्युरिंग त्याच्या आईला पुढची कित्येक वर्षं पत्रं लिहीत राहिला.

१९३१ मध्ये तो केंब्रिजच्या किंग्ज कॉलेजात आला आणि १९३५ मध्ये तिथला फेलो झाला. वय २२. (माझंही सध्या तेवढंच आहे, पण तो विषय नको.) फेलोशिपसाठी त्याने जो प्रबंध लिहिला तो ‘सेंट्रल लिमिट थिअरम’वर. स्टॅटिस्टिक्सवाल्यांना हा प्रमेय नवा नाही. गंमत म्हणजे तो आधीच, १९२२ मध्ये लिंडेबर्ग नावाच्या गणितज्ञाने सिद्ध केला होता. ट्युरिंगला त्याचा पत्ताच नव्हता, त्याने आपला आपण सिद्ध करून टाकला. १९३६ मध्ये पुन्हा तेच. कोणतं गणित यंत्रवत पद्धतीने सुटू शकतं आणि कोणतं नाही यावरचा त्याचा तो जगप्रसिद्ध पेपर, ज्यातून आपल्या सिलॅबसमधली ‘ट्युरिंग मशीन’ आली, तो तयार होतो न होतो तोच अमेरिकेत अलॉन्झो चर्च यांनी त्याच प्रश्नाचं उत्तर छापलं होतं. पण चर्च यांचा रस्ता वेगळा आणि ट्युरिंगचा वेगळा. जगाला पुढे उपयोगी पडलं ते ट्युरिंगचं काल्पनिक यंत्र, कारण ते खरोखर बांधता येण्यासारखं होतं. तो सरळ चर्च यांच्याकडेच प्रिन्स्टनला गेला आणि १९३८ मध्ये त्यांच्या मार्गदर्शनाखाली पीएचडी घेऊन परतला.

युद्धाबद्दल मी फार लिहीत नाही, सिनेमा आहेच. ४ सप्टेंबर १९३९ ला, म्हणजे ब्रिटनने युद्ध पुकारल्याच्या दुसऱ्याच दिवशी, तो ब्लेचली पार्कला रुजू झाला. पोलंडच्या गणितज्ञांनी आधी केलेल्या कामाच्या आधारावर त्याने ‘बॉम्ब’ नावाच्या यंत्राची रचना केली आणि जर्मन नौदलाचे संदेश फोडण्याच्या विभागाची जबाबदारी सांभाळली. सिनेमात एकटा ट्युरिंग सगळं करतो. प्रत्यक्षात तिथे हजारो माणसं राबत होती आणि त्यात बायकांची संख्या मोठी होती. युद्ध संपल्यावर या सगळ्यांच्या तोंडाला कुलूप लागलं. यातलं एक अक्षर कुठे बोलायचं नाही, असा कायदाच होता.

ऑक्टोबर १९४५ मध्ये ट्युरिंग लंडनजवळ टेडिंग्टनला नॅशनल फिजिकल लॅबोरेटरीत, म्हणजे एनपीएलमध्ये आला. काम काय, तर कॉम्प्युटर बांधायचा. नाव ठरलं ऑटोमॅटिक कम्प्युटिंग इंजिन, थोडक्यात ‘एस’. त्याने आराखडा लिहिला, खर्चाचा अंदाजही दिला, ११,२०० पौंड. त्या काळात ‘कॉम्प्युटर’ हा शब्द माणसांसाठी वापरायचे. दिवसभर टेबलावरच्या कॅल्क्युलेटिंग मशीनवर आकडेमोड करणारा कर्मचारी तो कॉम्प्युटर. एनपीएलमध्ये अशा मंडळींचा एक वेगळा विभाग होता आणि १९४६ मध्ये लॅबमध्ये आलेला जिम विल्किन्सन नावाचा तरुण अर्धा वेळ ट्युरिंगकडे, अर्धा वेळ या विभागात काम करायचा. हा विल्किन्सन लक्षात ठेवा.

आता ती एलयूची भानगड काय, ते कॅन्टीनमध्ये बसून बघू. तुमच्या ग्रुपने २ वडापाव आणि १ चहा घेतला, बिल ४० रुपये. शेजारच्या टेबलाने ६ वडापाव आणि ८ चहा घेतले, बिल १७०. एकेकाची किंमत काय? दहावीतली एकसामयिक समीकरणं. पहिल्या बिलाला ३ ने गुणायचं आणि दुसऱ्यातून वजा करायचं. वडापाव उडाले, उरले ५ चहा, ५० रुपये. चहा १० ला. मग मागे जाऊन वडापाव १५ ला.

इथे आपण दोन गोष्टी केल्या. एक, वडापाव उडवून समीकरणं पायऱ्यांसारखी करून घेतली: वरच्या ओळीत २ आणि १, खालच्या ओळीत ० आणि ५. ही झाली ‘यू’. दुसरी गोष्ट म्हणजे ३ हा आकडा वापरला. शाळेत आपण तो कच्च्या कामात लिहून खोडून टाकतो. तो खोडायचा नाही, जपून ठेवायचा. वरच्या ओळीत १ आणि ०, खालच्या ओळीत ३ आणि १. ही झाली ‘एल’. आता एल आणि यू यांचा गुणाकार करून बघा, मूळचे २, १, ६, ८ परत मिळतील.

याचा फायदा दुसऱ्या दिवशी कळतो. समजा कॅन्टीनवाल्याने भाव वाढवले. ऑर्डर तीच, पण बिलं झाली ५२ आणि २१६. सगळं पहिल्यापासून करायची गरज नाही. २१६ मधून ५२ ची तिप्पट घालवा, उरले ६०, म्हणजे चहा १२ ला आणि वडापाव २० ला. अवघड भाग कालच होऊन गेलाय. दोन समीकरणांत हे क्षुल्लक वाटतं. पण १८ समीकरणं असतील तर पहिली फोड करायला साधारण १८ च्या घनाचा तिसरा भाग, म्हणजे दोन हजारांच्या आसपास गुणाकार लागतात. त्यानंतर प्रत्येक नव्या ‘बिला’साठी लागतात फक्त १८ चा वर्ग, म्हणजे ३२४. समीकरणं हजार झाली की हा फरक तीनशेहून अधिक पटींचा होतो. पूल, विमानाचा पंख, विजेचं जाळं, सगळीकडे मॅट्रिक्स तीच राहते आणि उजवीकडचे आकडे बदलत राहतात.

मग भीती कसली? भीती राऊंडिंगची. मशीन दहा अंक ठेवते, अकरावा टाकून देते. प्रत्येक पायरीवर कणभर चूक, आणि ती चूक पुढच्या पायरीच्या आकड्यात मिसळते. १९४३ मध्ये हॅरल्ड हॉटेलिंग या अमेरिकन संख्याशास्त्रज्ञांनी हिशोब मांडला होता की वाईटात वाईट परिस्थितीत दर वाढीव समीकरणागणिक चूक चौपट होऊ शकते. १८ समीकरणांना लावून बघा: ४ चा १७ वा घात, सुमारे १,७०० कोटी पट. दहा अंकांची अचूकता घेऊन बसलात तरी शेवटी हातात एकही खरा अंक उरणार नाही. हे खरं असेल तर मोठाले कॉम्प्युटर बांधण्यात अर्थच काय? वेगाने चुकीचं उत्तर मिळवायला कोण पैसे देईल?

१९४६ च्या उन्हाळ्याच्या सुमारास एनपीएलच्या गणित विभागाकडे खरोखरची १८ समीकरणं सोडवायला आली. ‘एस’ अजून कागदावरच होता, त्यामुळे टेबलावरच्या मशीनवर हातानेच करायचं ठरलं. टीममध्ये चौघं: लेस्ली फॉक्स, गुडविन, विल्किन्सन आणि ट्युरिंग. ट्युरिंगला यात फार उत्साह नव्हता. एक तर त्या मशीनवर त्याचा हात बसलेला नव्हता, आणि दुसरं म्हणजे प्रयत्न फसणार याची त्याला खात्रीच होती.

काम साधारण दोन आठवडे चाललं. दर टप्प्याला उरलेल्या आकड्यांतला सगळ्यात मोठा आकडा शोधायचा, त्याला पुढे आणायचं आणि त्याच्या आधारे बाकीचे उडवायचे. याला पिव्होटिंग म्हणतात. शेवटाकडे येताना मूळच्या एकाच्या आसपासच्या आकड्यांच्या जागी दहा हजारांशाच्या घरातला आकडा उरला. म्हणजे चार अंक तर आत्ताच गेले, फसणार म्हणत होते तसंच झालं, असं वाटण्यासारखी स्थिती. तरी उत्तरं काढली आणि सवयीप्रमाणे मूळ समीकरणांत घालून तपासली. फरक आला तो थेट दहाव्या दशांश स्थळी! खरीखुरी अचूक उत्तरं कुणी आणून दिली असती आणि ती दहा स्थळांपर्यंत राऊंड केली असती, तरी समीकरणं याहून चांगली जुळली नसती.

मला या सगळ्या आयुष्यातला हा क्षण सगळ्यात आवडतो. तोवर त्याने १९३६ चा पेपर लिहिलाय, युद्धात काय केलंय ते त्याचं त्याला माहितीये. असा माणूस खात्रीने एक गोष्ट म्हणतो आणि चार जणांच्या टेबलावर ती चुकीची निघते. आपण अशा वेळी काय करतो? एखादा अपवाद असेल म्हणून विषय बदलतो. ट्युरिंग मात्र नव्याने विचाराला लागला आणि वर्षभरानंतर त्याने २२ पानांचा पेपर लिहिला. विषय: मॅट्रिक्सच्या गणितातल्या राऊंडिंगच्या चुका. तो १९४८ मध्ये एका ब्रिटिश त्रैमासिकाच्या पहिल्या खंडात छापून आला.

त्यात त्याने आधी हे दाखवलं की शाळेपासून आपण करतो ती गाउसची ‘उडवाउडवी’ म्हणजेच मॅट्रिक्सला एल आणि यू या त्रिकोणी तुकड्यांत फोडणं. (त्याने कर्णावरचे आकडे वेगळे काढून मध्ये आणखी एक मॅट्रिक्स ठेवली होती, पण गोष्ट तीच.) मग चूक वाढते कशाने, याचा माग काढला. हॉटेलिंग यांची चौपटीची साखळी अशक्य नाही, पण तशी मॅट्रिक्स मुद्दाम शोधूनच आणावी लागते, नेहमीच्या प्रश्नांत ती वाट्याला येत नाही. खरा दोष असतो तो बहुतेक वेळा प्रश्नातच.

पुन्हा कॅन्टीन. एकाने घेतले १०० वडापाव आणि ५० चहा, बिल २,०००. दुसऱ्याने १०० वडापाव आणि ५१ चहा, बिल २,०१०. कॅशिअरने शंभरात राऊंड करून दोन्ही बिलं २,००० लिहिली. आता सोडवा. चहा फुकट आणि वडापाव २० ला! पद्धत बरोबर, आकडेमोड बरोबर, उत्तर मात्र हास्यास्पद. कारण दोन्ही समीकरणं जवळजवळ एकच गोष्ट सांगतात. असा प्रश्न किती नाजूक आहे हे मोजायला ट्युरिंगने त्या पेपरमध्ये एक आकडा सुचवला आणि त्याला ‘कंडिशन नंबर’ म्हटलं. आज मॅटलॅबमध्ये किंवा पायथनच्या नमपायमध्ये ‘कॉन्ड’ टाईप केलं की जे येतं, त्याचं बारसं इथलं.

प्रामाणिकपणे सांगायचं तर त्रिकोणी फोड करणारा ट्युरिंग पहिला नव्हता. फ्रेंच तोफखान्यातला अधिकारी शोलेस्की याने नकाशांच्या मोजणीसाठी जुळ्या त्रिकोणांची पद्धत काढली होती. तो पहिल्या महायुद्धात मारला गेला आणि त्याची पद्धत त्याच्या मागे १९२४ मध्ये छापली गेली. पोलंडचे खगोलशास्त्रज्ञ बानाखिएविच यांनीही १९३८ मध्ये आपल्या वेगळ्याच खुणांच्या भाषेत ही फोड मांडली होती. म्हणजे लिंडेबर्ग आणि चर्च यांच्यानंतर ट्युरिंगच्या बाबतीत हे पुन्हा घडलं. पण मशीनवर हे गणित कितपत भरवशाचं, हा प्रश्न धरून तो या फोडीकडे आला. त्या सुमारास अमेरिकेत फॉन नॉयमन आणि गोल्डस्टाईन हेही त्याच प्रश्नाशी झटत होते.

याचा आज काय संबंध, असं वाटत असेल तर पुण्याकडे बघा. सी-डॅकमधला ‘ऐरावत’ हा सुपरकॉम्प्युटर जून २०२३ च्या जागतिक ‘टॉप ५००’ यादीत ७५ वा आला, तेव्हा पेपरात बातम्या झळकल्या होत्या. हा नंबर ठरतो कसा? यादीत शिरणाऱ्या प्रत्येक मशीनला समीकरणांचा एक अजस्र संच सोडवायला देतात आणि वेग मोजतात. पद्धत एलयू फोडीची, पिव्होटिंगसह.

ट्युरिंगने पेपर लिहिला खरा, पण एनपीएलमध्ये ‘एस’ काही हलेना. सरकारी लॅब, बैठका, कोण बांधणार यावरून घोळ. युद्धात आपण इलेक्ट्रॉनिक यंत्रं चालताना बघितलीत, हे सांगायची त्याला सोय नव्हती. १९४७ मध्ये तो वर्षभरासाठी केंब्रिजला निघून गेला. राग पायांतून निघत असावा, कारण त्याच वर्षी ऑगस्टमध्ये त्याने मॅरेथॉन २ तास ४६ मिनिटांत पळून पाचवा नंबर काढला. पुढच्या वर्षीच्या लंडन ऑलिम्पिकच्या विजेत्यापेक्षा फक्त अकरा-एक मिनिटं जास्त. १९४८ मध्ये त्याने एनपीएल सोडलं आणि मँचेस्टर विद्यापीठ गाठलं. मागे राहिलेल्या विल्किन्सन वगैरे मंडळींनी त्याच्या आराखड्याची छोटी आवृत्ती ‘पायलट एस’ मे १९५० मध्ये चालू केली. तोवर ट्युरिंग यंत्रं विचार करू शकतील का, या प्रश्नावर लिहीत होता आणि मग प्राण्यांच्या अंगावरचे ठिपके-पट्टे कसे तयार होतात, त्याच्या गणितात शिरला.

जानेवारी १९५२ मध्ये त्याच्या घरी चोरी झाली. तो पोलिसांकडे गेला. चौकशीत एका तरुणाशी असलेले आपले संबंध त्याने लपवले नाहीत. ब्रिटनमध्ये तेव्हा तो गुन्हा होता, १८८५ च्या कायद्यानुसार. चोरीची तक्रार करणाराच आरोपी झाला. ३१ मार्चला कोर्टात त्याने गुन्हा कबूल केला. तुरुंग टाळण्यासाठी वर्षभर स्त्रीसंप्रेरकांचा ‘उपचार’ पत्करावा लागला. शरीर बदललं. गुप्त सरकारी कामाचे दरवाजे बंद झाले. ज्या देशाचं गुपित त्याने सहा वर्षं सांभाळलं, त्या देशाला आता त्याचा भरवसा वाटेना.

७ जून १९५४ रोजी विल्म्स्लोमधल्या घरी त्याचा मृत्यू झाला, सायनाइडने. बेचाळिसावा वाढदिवस सोळा दिवसांवर होता. चौकशीत आत्महत्या असा निष्कर्ष निघाला. आईने तो कधीच मानला नाही, रसायनांशी खेळताना अपघात झाला असंच त्या म्हणत राहिल्या. पलंगाशेजारच्या त्या सफरचंदाची तपासणी झालीच नाही.

इंग्लंडने तो कायदा १९६७ मध्ये सैल केला. आपल्याकडे ब्रिटिशांनीच ठेवून दिलेलं ३७७ कलम, निदान सज्ञान व्यक्तींच्या संमतीने असलेल्या संबंधांपुरतं, जायला ६ सप्टेंबर २०१८ उजाडावं लागलं. ट्युरिंगची माफी ब्रिटिश पंतप्रधानांनी २००९ मध्ये मागितली, २०१३ मध्ये राजमाफी मिळाली आणि २०२१ मध्ये, त्याच्या जन्मदिवशी, ५० पौंडांच्या नोटेवर त्याचा चेहरा आला. नोटेवर १९३६ च्या पेपरमधली सूत्रं आहेत, ‘पायलट एस’ आहे, बॉम्बची रेखाटनं आहेत. मॅट्रिक्स नाही.

राऊंडिंगच्या चुकांचं काम पुढे नेलं ते विल्किन्सनने. त्या १८ समीकरणांचं कोडं त्याने पुढची दोन दशकं सोडलं नाही. मिळालेलं उत्तर हे मूळ प्रश्नाच्या अगदी शेजारच्या प्रश्नाचं अचूक उत्तर असतं, असं बघायची पद्धत त्याने रुळवली आणि गाउसची उडवाउडवी मशीनवर का चालते, हे नीट दाखवून दिलं. १९७० मध्ये त्याला त्यासाठी कॉम्प्युटर क्षेत्रातला सर्वोच्च पुरस्कार मिळाला, ज्याचं नाव आहे ट्युरिंग अवॉर्ड. स्वीकारताना केलेल्या भाषणात त्याने टेडिंग्टनच्या त्या दोन आठवड्यांची हकीकत सांगितली, टेबलावरच्या मशीनवर ट्युरिंगचा हात बसलेला नव्हता या तपशिलासकट.